चाकं टेकल्यानंतर

खडप चांगलंच तापलंय. चपलेतूनही चटका लागतो, आणि चप्पल काढावी तर दगडाला चिकटलेल्या कालवांच्या कडा तळव्यात घुसतात. तारीख १० मार्च २०१८, शनिवारची दुपार. तुम्ही मुरूड तालुक्यातल्या नांदगावच्या किनाऱ्यावर उभे आहात.

होळीची पौर्णिमा होऊन आठवडा उलटलाय, म्हणजे हे भांगाचे दिवस. पाणी ना फार मागे हटत, ना फार वर चढत. मोठ्या ओहोटीला उघडी पडणारी सगळी खडपं आज दिसणार नाहीत, पण जी दिसतायत तीही कमी नाहीत. काळी, खड्ड्याखड्ड्यांची, मधेच निसरडी. उत्तरेला काशीदची पुळण, दक्षिणेला मुरूड, आणि त्याच्याही पलीकडे समुद्रात कासा, म्हणजे पद्मदुर्ग, आणि जंजिरा. मागे सुरूची झाडं, त्यामागे नारळी-पोफळीच्या वाड्या. गावात सिद्धिविनायकाचं देऊळ आहे. शनिवार असल्याने अलिबाग-मुरूड रस्त्यावर मुंबई-पुण्याच्या गाड्या आहेत.

थोड्या वेळाने या किनाऱ्यावर तटरक्षक दलाचं एक चेतक हेलिकॉप्टर उतरणार आहे. इथल्या कुणालाच ते ठाऊक नाही, फक्त तुम्हाला आहे, कारण तुम्ही पुढच्या काळातून आला आहात. तुम्हाला कुणाला हाक मारता येणार नाही, कुणाचा हात धरता येणार नाही. बघता तेवढं येईल.

अपघाताची बातमी वाचताना आपण आदळण्याचा क्षण शोधतो. यंत्र कोसळलं, माणसं गेली, असा सरळ हिशेब आपल्या डोक्यात असतो. नांदगावला तसं झालं नाही. बिघडलेलं यंत्र खाली आलं, आतले चौघेही जिवंत होते, आणि घात झाला तो त्यानंतर. चाकं टेकणं आणि पाती थांबणं यांच्यामध्ये जो वेळ असतो, त्या वेळात मला तुम्हाला उभं करायचंय. त्यासाठी आधी वर जायला हवं.

आता तुम्ही त्या चेतकमध्ये आहात, मागच्या बाकावर. मूळचं हे फ्रेंच यंत्र, अलुएत-३. बंगळुरूच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सने १९६०च्या दशकात परवाना घेऊन ते बनवायला सुरुवात केली आणि त्याचं नाव चेतक पडलं. राणा प्रतापच्या घोड्याचं नाव. समोर काचेचा मोठा फुगीर दर्शनी भाग आहे, इतका खालपर्यंत की वैमानिकाला आपल्या पायांखालचा समुद्र दिसतो. खाली तीन चाकं. इंजिन एकच, आणि तेही झाकलेलं नाही. पात्यांच्या खांबामागे, छतावर उघडंच बसवलंय. बाहेर उभं राहून बघाल तर त्याच्या नळ्या आणि जोड सगळे दिसतील.

डोक्यावर तीन पाती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे ११ मीटरचा व्यास. मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेरे, म्हणजे सेकंदाला जवळजवळ सहा. हा हिशेब पुढे नेऊन बघा. पात्याचं टोक ताशी सातशे किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने फिरतंय. एवढ्या वेगात पातं दिसत नाही. वर बघितलंत तर तुम्हाला फक्त एक करडी चकती दिसते, आणि तिच्यातून आरपार आकाश. ही चकती लक्षात ठेवा.

आत चौघे आहेत. पुढच्या दोन आसनांवर वैमानिक. त्यांतल्या एक असिस्टंट कमांडंट पेनी चौधरी, सहवैमानिक, मूळच्या हरियाणाच्या. कामगिरी नेहमीचीच, मुंबईहून निघून मुरूड-जंजिऱ्याच्या बाजूला समुद्रावर नजर फिरवून यायची.

मुंबई मागे पडते. डाव्या हाताला मांडव्याचा धक्का येतो, रेवसची खाडी येते. आणि इथे काळ तुमच्या हातून निसटतो.

खाली पाणी एकदम गढूळ झालंय. पावसाळी आभाळ, उंच लाटा. १७ जुलै १९४७ची सकाळ. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली रामदास बोट रेवसकडे निघालीय. आषाढातली अमावास्या आलीय, मुंबईतल्या गिरण्यांत आणि गोदीत राबणारी माणसं सणाला घरी चालली आहेत, बायकामुलं आहेत, बाजाराची ओझी आहेत. वाटेतल्या काश्याच्या खडकाजवळ बोटीला लाट लागते, माणसं जीव घेऊन एका बाजूला धावतात, बोट कलंडते. सहाशेहून जास्त माणसं बुडाली. मुंबईला ते कळायला कित्येक तास गेले. त्या वेळी आभाळातून बघणारं कुणी नव्हतं. मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी होड्या तिकडे वळवल्या, हाती लागतील तेवढी माणसं पाण्यातून ओढून काढली. जे वाचले त्यांतले बरेच या कोळ्यांमुळे वाचले. या किनाऱ्यावरची पहिली मदत तेव्हाही किनाऱ्यावरच्याच माणसांची होती, आणि पुढेही तीच असणार आहे.

आभाळ उघडतं. खाली पुन्हा मार्चचं निळं पाणी. उजवीकडे खांदेरी आणि उंदेरी, मग डावीकडे अलिबाग आणि त्याच्यासमोरचा कुलाबा किल्ला, भरतीला पाण्यात आणि ओहोटीला चालत जाता येईल असा. मग चौलची खाडी आणि तिच्या तोंडावर कोर्लईचा डोंगर. हा सगळा किनारा वरून इतका शांत दिसतो की गस्तीची गरज काय, असं वाटावं. गरज याच रायगड जिल्ह्याने दाखवून दिली. इथून आणखी दक्षिणेला, श्रीवर्धनजवळ शेखाडीच्या किनाऱ्यावर फेब्रुवारी १९९३ मध्ये रात्री स्फोटकं उतरवली गेली आणि १२ मार्चला ती मुंबईत फुटली. २५७ माणसं गेली. पुढे २६ नोव्हेंबर २००८ला हल्लेखोर पुन्हा समुद्रातूनच मुंबईत आले. १९७८ साली कायद्याने उभ्या राहिलेल्या तटरक्षक दलाकडे २००९ पासून किनारी समुद्राच्या सुरक्षेची जबाबदारी आणखी वाढली. त्या साखळीतली एक कडी म्हणजे आजची ही दुपार. ज्यांना आपण कधी भेटणार नाही अशा माणसांनी आपल्यासाठी रोज घातलेली एक फेरी. तिची बातमी कधी होत नाही.

काशीद मागे गेलं. नांदगाव समोर आलं. आणि यंत्रात बिघाड होतो.

घड्याळ इथेच थांबवू. चेतक हवेत आहे, चौघे आत आहेत. तातडीने खाली उतरायचं, एवढं ठरलंय. पुढचं बघण्याआधी तुम्हाला एका वेगळ्या मैदानावर नेतो, कारण बिघडलेलं यंत्र खाली आणणं म्हणजे काय, हे तिथे जितकं उघड दिसतं तितकं कुठेच दिसत नाही.

पुण्याचं हडपसर, ग्लायडिंग सेंटरचं गवताळ मैदान. काही दशकं मागची सकाळ. भोवती अजून इमारती दाटलेल्या नाहीत. तुमच्या समोर रोहिणी जातीचं ग्लायडर आहे. आपल्याच देशात आरेखन झालेलं, १९६१ मध्ये पहिल्यांदा उडालेलं, लाकडी सांगाड्याचं. शिकणारा आणि शिकवणारा शेजारी शेजारी बसतात. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला विंच आहे, तिची लांबच लांब तार ग्लायडरच्या नाकाखाली अडकवतात. विंच तार ओढायला लागते, ग्लायडर काही पावलं धावतं आणि मग नाक वर करून झपाट्याने चढतं. वर पोचल्यावर तार सोडली की आवाज थांबतो. फक्त पंखांवरून जाणारा वारा ऐकू येतो.

आता खाली यायचं. ग्लायडरला इंजिन नाही, म्हणून उतरताना चूक झाली तर पुन्हा वर उचलून एक फेरी मारता येत नाही. जी उंची हातात आहे तेवढंच भांडवल. शिकवणारा सांगतो की वाऱ्याच्या दिशेने मैदानाच्या बाजूने जा, आडवं वळ, मग वाऱ्याला तोंड देऊन सरळ ये. उंची जास्त वाटली तर पंखावरच्या फळ्या उघडून ती घालवता येते, पण कमी पडली तर कुठूनही आणता येत नाही. म्हणून उतरायची जागा आधी ठरते आणि उडणं नंतर. चांगला ग्लायडर-वैमानिक उडत असताना सतत खाली बघत असतो. आत्ता या क्षणी उतरावं लागलं तर कुठे उतरेन? हे शेत, की तो माळ?

हेलिकॉप्टरच्या वैमानिकालाही हेच शिकवतात. इंजिन बंद पडलं तर हेलिकॉप्टर दगडासारखं पडतं, हा समज खरा नाही. वैमानिक पात्यांचा कोन कमी करतो, यंत्र खाली येऊ लागतं, आणि खालून वर येणारी हवाच पाती फिरवत ठेवते. त्या फिरण्यात जोर साठलेला असतो. जमीन जवळ आली की वैमानिक तो सगळा जोर एका दमात वापरून वेग मारतो आणि यंत्र टेकवतो. मात्र ग्लायडर एक मीटर खाली येताना वीस-पंचवीस मीटर पुढे जातं, आणि हेलिकॉप्टर जेमतेम चार. म्हणून त्याच्या वैमानिकाला विचार करायला मिळणारा वेळही तेवढाच तोकडा. नियंत्रण ठीक चालत नसेल तर इंजिन असूनही परिस्थिती तीच, संधी एकदाच.

आणि एक फरक आहे, जो आज महत्त्वाचा ठरणार आहे. ग्लायडर गवतावर धावतं, थांबतं, एक पंख हळूच जमिनीला टेकवतं. संपलं. झाकण उघडून माणूस उठतो आणि चालायला लागतो. हेलिकॉप्टरचं तसं नाही.

चेतक अजून हवेतच आहे. नांदगावलाच परत येऊ, पण वाटेत एका जुन्या वर्षात पाय टेकवून.

शके १४४२, म्हणजे १५२० साल. तेच गाव, तोच समुद्र, रस्ता नाही, सुरूची झाडं नाहीत. चौलच्या बंदरात पोर्तुगीजांची आरमारी लढाई होऊन एक तप झालंय. रात्र आहे, आणि गणेश दैवज्ञ जागे आहेत. त्यांचे वडील केशव दैवज्ञ याच गावचे, तेही नामांकित ज्योतिषी, ग्रहकौतुकाचे कर्ते. गणेश दैवज्ञांचा ग्रहलाघव हा ग्रंथ या वर्षापासून मोजायला सुरुवात करतो. आधीच्या सिद्धांतग्रंथांनी ग्रहांचं स्थान काढायचं तर कल्पारंभापासूनचे दिवस मोजायचे आणि जीवा-चापांची किचकट गणितं करायची. गणेश दैवज्ञांनी अकरा अकरा वर्षांची चक्रं पाडली, एका चक्राचे ४०१६ दिवस, म्हणजे आकडा कधी हाताबाहेर जाणार नाही. जीवा-चापही गणितातून वगळले. अवघड काम त्यांनी एकदाच, शांतपणे, स्वतः करून ठेवलं, म्हणजे पुढच्या माणसाला ऐन वेळी थोडक्या आकड्यांत उत्तर मिळावं. पुढे कित्येक शतकं महाराष्ट्रातली पंचांगं त्या पोथीवर निघाली.

मला हा माणूस इथे आठवतो तो उगाच नाही. वैमानिकाचं प्रशिक्षण याच रीतीने चालतं. बिघाड झाल्यावर विचार करायला वेळ नसतो, म्हणून विचार आधी करून ठेवतात. कुठला दिवा लागला तर हात कुठे जायला हवा, कुठला दाब घसरला तर किती वेगाने आणि कुठे उतरायचं, हे पाठ करून घेतात, घोकून घेतात, पुन्हा पुन्हा करवून घेतात. १० मार्चच्या दुपारी नांदगाववर चेतकमधल्या वैमानिकांकडे जे होतं ते हेच होतं, आधी करून ठेवलेलं गणित.

आता घड्याळ सोडा. तुम्ही परत खडपावर आहात.

आवाज आधी येतो. रोजचा पट्-पट् आवाज या किनाऱ्याला सवयीचा आहे, गस्तीची हेलिकॉप्टरं नेहमी दिसतात, कुणी मान वर करत नाही. आज करतात, कारण आवाज जवळ येतोय आणि यंत्र फार खाली आहे. वरून वैमानिकाला काय दिसत असेल ते तुम्हाला आता कळतं. सुरूच्या झाडांत उतरता येत नाही. वाड्यांत घरं आहेत, रस्त्यावर गाड्या आहेत. सुकी पुळण चाक गिळते. पाण्यात उतरावं तर हे यंत्र तरंगायला केलेलं नाही, वर जड, पटकन उलथतं. उरतो किनाऱ्याचा खडकाळ पट्टा, माणसांपासून दूर.

चेतक तिथे उतरतं. खडकावर, वेड्यावाकड्या जागी. पण उतरतं. कुणाच्या घरावर नाही, रस्त्यावर नाही, समुद्रात नाही. आतले चौघेही जिवंत आहेत. ज्यांनी यंत्र इथवर आणलं त्यांनी आपलं काम केलं, आणि ते अवघड काम होतं, हे आधी म्हणायला हवं. इथे बातमी संपू शकली असती.

तुम्ही वर बघा. करडी चकती अजून आहे.

दोरी सुटल्यावर भोवरा फिरत राहतो तशी ही पाती इंजिन बंद केल्यावरही फिरत राहतात. त्यांना ब्रेक असतो, पण तोही ठरावीक वेगाखालीच लावायचा असतो आणि लावल्यावरही वेळ घेतो. पूर्ण वेगात असताना बाहेर फेकणारा जोर पात्यांना ताठ, आडवी धरून ठेवतो. फेरे कमी झाले की तो जोर ओसरतो आणि लांबलचक पाती टोकाकडून खाली लवायला लागतात. वारा असेल तर ती वरखाली झुलतात. आणि समुद्रावर वारा नसतो कधी? यंत्र सपाट जमिनीवर असेल तरीही माणसाच्या डोक्यावर काहीतरी जागा उरते. पण खडपावर एक चाक खड्ड्यात आणि एक उंचवट्यावर असलं की सगळं यंत्र कलतं, आणि ज्या बाजूला ते झुकतं किंवा जमीन उंच असते त्या बाजूला पात्याचं टोक माणसाच्या उंचीपर्यंत येऊ शकतं. ते दिसत नाही. आवाज सगळीकडूनच येतो, म्हणून कानालाही दिशा कळत नाही.

वैमानिकाला दोन गोष्टी शिकवलेल्या असतात आणि दोन्ही बरोबर आहेत. पहिली, पाती थांबेपर्यंत पट्टा सोडू नका, बाहेर पडू नका. दुसरी, यंत्र आदळून उतरलं असेल तर लवकर बाहेर पडा, कारण वर तापलेलं इंजिन आहे आणि टाकीत शेकडो लिटर इंधन. एरवी या दोन्ही शिकवणी एकमेकींच्या आड येत नाहीत. नांदगावच्या खडपावर त्या समोरासमोर येतात. बसून राहावं तर आगीचा धोका, उतरावं तर पात्यांचा. यातलं काय आधी, हे ठरवायला मिळतात ते काही श्वास. दुरून, शांत बसून, नंतर निवाडा करणाऱ्यांपैकी कुणालाही तेवढ्याच वेळात ठरवायला लावलं असतं तर त्याने काय केलं असतं, हे मला सांगता येत नाही, आणि कुणी सांगू नये असं मला वाटतं.

पेनी चौधरी बाहेर पडतात. फिरतं पातं लागतं. डोक्याला गंभीर दुखापत होते.

तुम्ही हे बघताय आणि तुमचा हात पोचत नाही. बाकीचे तिघे वाचतात.

तिथून त्यांना मुंबईला, कुलाब्याच्या आयएनएचएस अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात नेतात. आता दिवस भराभर उलटू द्या. ११ मार्च, १२ मार्च. गुढीपाडवा येतो, १८ मार्चला, गिरगावात शोभायात्रा निघते, आणि तिथून थोड्याच अंतरावर एका खाटेभोवती डॉक्टर उभे आहेत. पाडवा जातो, रामनवमी येते. १७ दिवस ही झुंज चालते. २७ मार्च २०१८ला पेनी चौधरी गेल्या.

वर्तमानपत्रांत बातमी आली. रामदास बोट आजही या किनाऱ्यावर घरोघर सांगितली जाते, आणि सांगितली जायलाच हवी. नांदगावची ही दुपार मात्र फारशी कुणी सांगत नाही. काशीदला जाताना गाड्या त्याच रस्त्यावरून जातात. मला हे खटकतं. ज्या समुद्रावर आपण सुट्टीत नाचायला जातो, त्याच्या राखणीवर निघालेली एक तरुण अधिकारी तिथल्या खडकावर जखमी झाली, तिचं नाव निदान रायगडच्या शाळांतल्या पोरांना माहीत असावं.

रायगडमध्येच आणखी एक तारीख आहे. तिथे थोडा वेळ थांबू. ३ मे २०२४, सकाळ, महाड. लोकसभेचा प्रचार ऐन रंगात, चार दिवसांनी मतदान. राजकीय नेत्या सुषमा अंधारे यांना नेण्यासाठी आलेलं खासगी हेलिकॉप्टर तात्पुरत्या हेलिपॅडवर उतरतंय. धुळीचा लोट उठतो, यंत्र तोल सोडतं, आदळतं, पाती तुटतात. अंधारे अजून चढलेल्या नव्हत्या. वैमानिक बचावला.  आपल्याकडे हेलिकॉप्टर उतरतं तिथे माणसं असतातच. निवडणुकीला असतात, पुराला असतात. जुलै २०२१ मध्ये महाड पाण्याखाली गेलं, तळियेवर दरड कोसळली, तेव्हाही मदतीला हेलिकॉप्टरं निघाली होती. उतरलं की धावत जायचं, ही आपली रीत. त्यामागे कुतूहल असतं, माया असते, मदतीची घाई असते.

म्हणून आजच्या तारखेत परत येताना, नांदगावच्या खडपावरून एवढं बरोबर घ्या. तुमच्या गावात हेलिकॉप्टर उतरणार असेल तर मैदानातली ताडपत्री, पत्रे, रिकामी पोती, मंडपाची कापडं आधी उचला, कारण पात्यांचा वारा ती उडवतो आणि पातीच ती ओढून घेतात. डोक्यावरची टोपी आणि खांद्यावरचा पंचा हातात घट्ट धरा. उडालं तर उडू द्या, मागे धावू नका. इंजिनचा आवाज थांबला म्हणजे पाती थांबली असं नाही. डोळ्यांनी एकेक पातं वेगळं दिसेपर्यंत आणि मग ते स्थिर होईपर्यंत जागचे हलू नका. शेपटाकडे कधीच जाऊ नका, तिथेही एक छोटं पातं फिरत असतं आणि ते मोठ्यापेक्षा कमी दिसतं. जायचंच असेल तर समोरून, वैमानिकाला दिसेल असं, त्याने हाताने खूण केल्यावर. जमीन उताराची असेल तर खालच्या बाजूने जायचं आणि त्याच बाजूने परत यायचं, चढाकडून कधीच नाही. अपघात होऊन यंत्र आदळलं असेल आणि पाती फिरत असतील, तर आतला माणूस कितीही जवळ दिसला तरी थांबा. पाती थांबली की मग धावा, तेव्हा एक क्षणही दवडू नका. इंधनाचा वास येत असेल तर विडी-काडी पेटवणाऱ्याला ओरडून अडवा, आणि जखमीची मान न हलवता त्याला बाहेर काढा.

हे पोलीस पाटलाला, शाळेच्या मास्तरांना आणि पहिल्या रांगेत उभ्या राहणाऱ्या पोरांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा.